आमसुलाचा सेल : इलेक्ट्रोलाइटच्या नोंदी (जानेवारी ते मार्च २०२५)

१० जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी प्रकल्पाचा विषय पक्का केला. डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेल करायचा, काच तीच, डाय (रंगद्रव्य) तोच, बदलायचा फक्त मधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन काचांमधलं आयनांचं द्रावण. "एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर काय कशानं झालं ते शेवटी तुम्हालाच सांगता यायचं नाही." जोडीदार चांदीच्या हुपरीचा, मी फुलेवाडीचा. वही माझ्याकडे, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही.

तोंडी परीक्षेसाठी माझ्या शब्दांत लिहून ठेवतो. काचेवर टायटेनियम डायऑक्साइडच्या (पुढे नुसतं टिटॅनिया) बारीक कणांचा थर असतो आणि कणांना डाय चिकटलेला असतो. प्रकाश पडला की डाय एक इलेक्ट्रॉन टिटॅनियाला देऊन टाकतो. तो काचेतून तारेत जातो. इकडे डायची जागा रिकामी, ती आयोडाइड भरतं आणि त्या भरात ट्रायआयोडाइड होतं. ते द्रवातून सरकत समोरच्या काचेपर्यंत जातं, तारेतून फिरून आलेले इलेक्ट्रॉन घेतं आणि पुन्हा आयोडाइड होऊन परततं. रहाटगाडगंच. १९९१ साली ओ'रीगन आणि ग्रेट्झेल यांनी 'नेचर'मध्ये ७ टक्क्यांच्या वरचा सेल दाखवला तो याच गाडग्यावर.

उघड्या सर्किटचं व्होल्टेज (व्हीओसी) म्हणजे टिटॅनियातल्या इलेक्ट्रॉनांची पातळी आणि आयोडाइड-ट्रायआयोडाइडची पातळी यांतलं अंतर. खालची पायरी तर इलेक्ट्रोलाइटचीच. पण त्यातले आयन टिटॅनियाला चिकटले की वरची पायरीही हलते. म्हणजे 'एकच गोष्ट बदला' हे मॅडमचं म्हणणं ऐकायला सोपं आहे. एक बाटली बदलली की दोन्ही पायऱ्या हलणार.

१६ जानेवारी, गुरुवार

रुथेनियमचा डाय आमच्या खिशाला परवडणारा नाही. आमसूल वापरायचं ठरलं. कोकमाच्या सालीत अँथोसायनिन असतं, त्याच्या रेणूवर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात आणि तेच टिटॅनियाला धरून बसतात. लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानात मिळालेलं आमसूल खारवलेलं निघालं. मीठ म्हणजे क्लोराइड, इलेक्ट्रोलाइटच्या प्रकल्पात नको तो पाहुणा. जोडीदाराच्या मावशीनं कुडाळहून बिनमिठाची सोलं एसटीनं पाठवली. आंबट केलेल्या इथेनॉलमध्ये रात्रभर भिजत घातली. सकाळी लॅबमधले मामा बीकरमध्ये डोकावून म्हणाले, "काय पोरानो, सार करालाय काय?"

२१ जानेवारी, मंगळवार

थर करायला जमला. टिटॅनियाची पी-२५ पावडर खलात घेऊन पातळ ॲसेटिक ॲसिड थेंबाथेंबानं घालत अर्धा तास घोटली, शेवटी डिटर्जंटचा एक थेंब. एफटीओ काचेला (वीज वाहणारा थर दिलेली काच) चारी बाजूंनी टेप लावून मध्ये १ सेंमी × १ सेंमी चौकोन ठेवला आणि काचेच्या कांडीनं पेस्ट ओढली. मफल फर्नेसमध्ये ४५० अंशांवर ३० मिनिटं. बारापैकी नऊ काचा नीट निघाल्या, तिघींवर शेतातल्या भेगा पडल्यासारखा थर फुटला. समोरच्या काचेला प्लॅटिनम नाही, मेणबत्तीची काजळी. प्लॅटिनम ट्रायआयोडाइडला इलेक्ट्रॉन झटकन देतं, काजळी रेंगाळते. करंट-व्होल्टेजच्या वक्राचा कोपरा त्यामुळे बोथट येणार हे आत्ताच लिहून ठेवतो, मागाहून इलेक्ट्रोलाइटच्या माथी मारायला नको.

२४ जानेवारी, शुक्रवार

द्रावणं. सगळ्यांत आयोडाइड ०.५ मोलर, आयोडीन ०.०५ मोलर, प्रत्येकी १० मिली.

अ : पोटॅशियम आयोडाइड ०.८३ ग्रॅम, आयोडीन ०.१२७ ग्रॅम, इथिलीन ग्लायकॉलमध्ये. शाळा-कॉलेजांतल्या प्रात्यक्षिकांची ठरलेली कृती.
ब : लिथियम आयोडाइड ०.६६९ ग्रॅम, आयोडीन तेवढंच, ॲसिटोनायट्राइलमध्ये.
क : ब-मध्येच ०.५ मोलर टर्शरी ब्युटिल पिरिडीन (टीबीपी).
ड : टेट्राब्युटिल अमोनियम आयोडाइड १.८४७ ग्रॅम, बाकी ब-सारखंच.

खरं तर अ आणि ब दोन्ही एकाच द्रावकात हवे होते. पोटॅशियम आयोडाइड ॲसिटोनायट्राइलमध्ये घालून पाहिलं, ढवळून ढवळून हात दुखला तरी बुडाला पांढरी वाळू तशीच. ते त्यात ०.५ मोलर विरघळतच नाही. म्हणजे अ आणि ब मध्ये मीठही वेगळं आणि द्रावकही वेगळा. पहिल्याच दिवशी मॅडमचा नियम मोडला.

आयोडीन एरवी ॲसिटोनायट्राइलमध्ये तपकिरी दिसतं. आयोडाइड भरपूर असलं की जवळपास सगळं आयोडीन ट्रायआयोडाइड होतं. म्हणजे लेबलवर ०.५ आणि ०.०५ लिहिलंय, आत मात्र साधारण ०.४५ आयोडाइड आणि ०.०५ ट्रायआयोडाइड.

लिथियम आयोडाइडची बाटली मागच्या कुठल्या तरी बॅचनं फोडलेली. आत खडे होते, रंगही पिवळसर. चमच्यानं खडा फोडून तोलला. (हे वाक्य पुढे फार महागात पडलं.)

३१ जानेवारी, शुक्रवार

मोजणीची सोय झाली. सेल बाइंडर क्लिपांनी धरायचा, १० किलोओहमचा पॉट (बदलता रोध) फिरवायचा, एका मल्टीमीटरवर व्होल्टेज आणि दुसऱ्यावर करंट वाचायचा. क्लिपा हलत होत्या म्हणून उद्यमनगरात ॲल्युमिनिअमचा छोटा शिकंजा करून घेतला. त्या कारागिरानं नकाशा न बघता नुसत्या हातवाऱ्यांवर केला आणि आमच्या चित्रापेक्षा चांगला केला. प्रकाश गच्चीवरच्या ऊन्हाचा, शेजारी एक छोटा सिलिकॉन सेल ठेवायचा आणि त्याचा शॉर्ट सर्किट करंट ठरावीक आकड्याच्या आसपास असेल तेव्हाच वाचन घ्यायचं. कार्यक्षमतेचे टक्के लिहायचे नाहीत, सेलांची आपापसात तुलना फक्त.

दुपारनंतर जोडीदार गायब. आज अंबाबाईचा किरणोत्सव सुरू, मावळतीची किरणं देवीच्या चरणांवर येतात की नाही ते बघायला गेला. मी गच्चीवर सिलिकॉन सेलचा आकडा बघत बसलो. सूर्य खाली गेला तसा आकडा इतका झपाझप उतरला की पाचनंतर एकही वाचन कामाचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिले खरे आकडे. प्रत्येक कृतीचे तीन सेल केले, मधल्या सेलचा आकडा लिहितो.

अ : व्हीओसी ०.४३ व्होल्ट, शॉर्ट सर्किट करंट ०.९२ मिलिअँपिअर, कमाल पॉवर ०.१६ मिलिवॉट
ब : ०.३८, १.३१, ०.२१
ड : ०.४९, ०.५८, ०.१३

क पुढे वेगळा.

ब आणि ड एकाच द्रावकातले, म्हणून तुलना स्वच्छ. लिथियमचा आयन इवलासा, तो टिटॅनियाच्या पृष्ठावर जाऊन चिकटतो. त्याच्या धनभारामुळे टिटॅनियाची पातळी खाली येते. डायला इलेक्ट्रॉन टाकायला उतार जास्त मिळतो म्हणून करंट वाढतो, पण दोन पायऱ्यांतलं अंतर कमी होतं म्हणून व्होल्टेज पडतं. टेट्राब्युटिल अमोनियम अवाढव्य. चार ब्युटिल शेपट्या फुगवून बसलेला, त्याला पृष्ठाशी सलगी जमत नाही. पातळी वर राहते, व्होल्टेज मिळतं, करंट जातो. ०.११ व्होल्टचा फरक नुसत्या अशा आयनानं पडला, ज्याचा अभिक्रियेत काहीच भाग नाही! पुस्तकात वाचलं होतं, पण मल्टीमीटरवर ०.३८ च्या जागी ०.४९ दिसल्यावर गंमत वाटली.

अ-चा द्रावक गूळ होऊ घातलेल्या काकवीसारखा नसला तरी ॲसिटोनायट्राइलच्या चाळीस-पन्नास पट घट्ट आहे. ट्रायआयोडाइडला त्यातून सरकायला वेळ लागतो. पण आमचा करंटच मुळात एक मिलिअँपिअरचा, एवढी वाहतूक त्या चिकट रस्त्यानंही होत असावी. चांगल्या डायवर १५-२० मिलिअँपिअर ओढायचे असते तर तिथे तुंबलं असतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जोडीदारानं काचेच्या कडेला सिल्व्हर पेस्ट लावली होती, संपर्क चांगला यावा म्हणून. आज पेटी उघडली तर ब-च्या कडेची चांदी फिक्कट पिवळी. पोरगा चांदीच्या घरातला, तो काही क्षण बघतच राहिला. "आमच्यात चांदी काळी पडत्या. पिवळी पडलेली पहिल्यांदा बघालोय भावा." काळी पडते ती गंधकानं, ही पिवळी म्हणजे सिल्व्हर आयोडाइड. आयोडीनची वाफ कडेतून बाहेर आली आणि चांदीला लागली. १८३९ चे डॅगरोटाइप फोटो असेच, चांदीच्या पत्र्याला आयोडीनची धुरी देऊन करायचे. आमचा सेल आता कॅमेरा झाला, वीज बंद. पेस्ट खरवडून तांब्याची पट्टी लावली आणि सांध्यापासून लांब ठेवली.

तेवढं आयोडीन बाहेर गेलं म्हणजे आतलं कमी झालं. लेबलवर अजून ०.०५.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ब सेल भर दुपारी उन्हात ठेवून फक्त करंट बघितला. सुरुवात १.३१, दहा मिनिटांनी १.०२, पंचविसाव्या मिनिटाला ०.४०. वरून एक थेंब सोडला, केशाकर्षणानं आत गेला आणि करंट १.२० वर. ॲसिटोनायट्राइल ८२ अंशांना उकळतं आणि क्लिपेत धरलेला सेल म्हणजे चारी बाजूंनी उघडी खिडकी. अ-ला काहीच झालं नाही, ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १९७.

यातून ५ तारखेच्या आकड्यांवर शंका आली. अख्खा वक्र काढायला आम्हाला सात-आठ मिनिटं लागतात आणि आम्ही सुरुवात शॉर्ट सर्किटपासून करतो. म्हणजे वक्राचा एक टोक ताज्या द्रावणाचा आणि दुसरा टोक आटलेल्या द्रावणाचा. फिल फॅक्टर (वक्र किती चौकोनी त्याचं माप) ०.४२ आला तो काजळीमुळे की आटण्यामुळे, सांगता येत नाही. आता उलट्या दिशेनंही वक्र काढायचा आणि दोन्ही जुळले तरच धरायचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टीबीपी. हे पान सावकाश लिहितो.

१९९३ साली ग्रेट्झेलच्याच गटानं रुथेनियम डायवर टीबीपी वापरून कार्यक्षमता १० टक्क्यांवर नेली, तेव्हापासून बहुतेक कृतींत ते आहे. ते टिटॅनियावर बसतं, पातळी वर ढकलतं आणि इलेक्ट्रॉन पुन्हा ट्रायआयोडाइडकडे गळतात ती वाट अडवतं. आम्हीही ०.५ मोलर घातलं. व्हीओसी ०.४७, खूश झालो. करंट ०.५५. दहा मिनिटांनी ०.३०, आणि थेंब सोडूनही वर येईना.

सेल उघडला. वाईनसारखा लाल थर राखाडी-निळसर झालेला.

मग नुसता डाय लावलेला एक थर घड्याळकाचेवर ठेवला आणि आयोडीन वगैरे काही न घालता ॲसिटोनायट्राइल आणि टीबीपी एवढंच वर ओतलं. अर्ध्या मिनिटात कडा जांभळ्या, दुसऱ्या मिनिटाला सगळा चौकोन निळसर, पाचव्या मिनिटाला कोपऱ्यातून पांढरा टिटॅनिया दिसायला लागला. भोवतालच्या द्रवाला फिक्कट निळी झाक. दुसरा थर घेऊन तिसऱ्याच मिनिटाला बाहेर काढला आणि पातळ आम्लाचा थेंब दिला, लाल परत आला. म्हणजे आधी रंग बदलतो, मग डाय सुटतो. अँथोसायनिन आम्लात लाल, अल्कलीत निळं. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर होतं त्यातलाच प्रकार. टीबीपी अल्कली आहे, आणि रुथेनियम डाय ज्या कार्बॉक्सिल गटांनी घट्ट धरतो ते आमसुलाकडे नाहीत.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कृती ज्या डायसाठी लिहिली तो डाय तुमच्याकडे नाही, मग कृती तरी तुमची कशी?" बरोबर आहे. पण त्यांनी हे जानेवारीत सांगितलं असतं तर ३०० रुपयांचं टीबीपी वाचलं असतं. (हे पान अहवालात जाणार नाही.)

०.०५ मोलर, दहाव्या हिश्शानं करून पाहिलं : व्हीओसी ०.४२, करंट १.१५, रंग तासभर लाल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिथियम आयोडाइडच्या बाटलीचा छडा लागला. हे मीठ हवेतलं पाणी अधाशासारखं ओढतं. त्याच्या पाण्याच्या तीन रेणूंसकटच्या रूपाचं रेणुभार १८७.९, कोरड्याचं १३३.८५. सगळी बाटली तशी झाली असेल तर आमचे ०.६६९ ग्रॅम म्हणजे ०.५ नव्हे, ०.३५६ मोलर, वर दोन टक्क्यांच्या आसपास पाणी.

अंदाज कशाला, टायट्रेशन करू म्हटलं. केमिस्ट्रीच्या लॅबमधून सिल्व्हर नायट्रेट आणि इओसिन (रंग बदलून शेवट दाखवणारं) मागून आणलं. त्याच बाटलीतले तेवढेच खडे पाण्यात विरघळवले. ब्युरेटमधून थेंब पडले तसा फ्लास्कमध्ये फिक्कट पिवळा साका. जोडीदार लगेच, "हीच की रं ती, आमच्या कडंची!" तीच. साका एकदम गुलाबी-किरमिजी झाला तिथे थांबलो. तीन वेळा केलं, उत्तर ०.४१ मोलर.

म्हणजे खड्यात १८ टक्के दुसरंच काही, बहुतेक पाणी. ५ तारखेपासून ब म्हणून जे मोजलं ते ०.५ चं नव्हतंच, आणि त्यात पाणी होतं. पाणी डायची पकड सोडवतं, म्हणजे ब-चे करंट टिकत नव्हते त्यात आटण्याबरोबर याचाही वाटा असणार. वाईट एवढंच वाटतं की बाटली बघितल्या क्षणी खडे दिसले होते, रंग दिसला होता. वहीत लिहिलं आणि तरी तोलून मोकळा झालो.

४ मार्च, मंगळवार

नवीन बाटली आली. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवली, तोलायला बाहेर काढली ती दोन मिनिटं. तेवढ्यात कागदावरचे कण ओलसर दिसायला लागले, तेही नुकताच उन्हाळा लागलेला असताना. जुलैत कोल्हापुरात हा प्रयोग कुणी करू नये.

नवा ब : ०.३६ व्होल्ट, १.४४ मिलिअँपिअर. लिथियम वाढलं, व्होल्टेज उतरलं, करंट चढला. दिशा बरोबर. पण एकाच कृतीच्या तीन सेलांत आमचा फरक ०.०१ व्होल्ट आणि ०.१ मिलिअँपिअर असतो, त्यामुळे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

११ मार्च, मंगळवार

द्रावक बदलला. ३-मिथॉक्सीप्रोपिओनायट्राइल, उत्कलनबिंदू १६५ च्या आसपास, ग्लायकॉलपेक्षा बराच पातळ. ब-चीच कृती यात केली. करंट १.२२, पण दोन तासांनी १.१७. वर-खाली दोन्ही दिशांचे वक्र पहिल्यांदा एकावर एक बसले. हा द्रावक जानेवारीत घ्यायला हवा होता.

आता आयोडीन कमी-जास्त करून पाहिलं : ०.०१, ०.०५, ०.२ मोलर. गणितानं ट्रायआयोडाइड वाढलं की खालची पायरी आणखी खाली जाते, म्हणजे व्होल्टेज वाढायला हवं. आलं उलटं : ०.३९, ०.३७, ०.३३. कारण शोधायला साधी युक्ती केली. सेल उन्हात, सर्किट उघडं, मल्टीमीटरवर मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ चालू आणि मामांनी एकदम काळं फडकं टाकायचं. अंधारात टिटॅनियात साठलेल्या इलेक्ट्रॉनांना तारेची वाट नाही, ते गळतात ते बहुतांशी ट्रायआयोडाइडकडेच. व्होल्टेज ०.३० वरून ०.१५ वर यायला ०.०५ च्या सेलला ६ सेकंद लागले, ०.२ च्या सेलला २. गळती वाढली म्हणून व्होल्टेज पडलं. करंटही थोडा कमी. दाट तपकिरी ट्रायआयोडाइड निळा प्रकाश स्वतःच खातं.

०.०१ चं व्होल्टेज सगळ्यांत चांगलं, पण वक्राचा कोपरा पार गोल झाला. काजळीपर्यंत पोहोचायला ट्रायआयोडाइडच पुरेसं नाही. ०.०५ राहू दे.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. लॅब बंद. माझ्या बोटांवरचे आयोडीनचे पिवळे डाग बघून गल्लीत कुणालाच वाटलं नाही की मी रंग खेळलो नाही.

२१ मार्च, शुक्रवार

शेवटची कृती, नव्या द्रावकात : लिथियम आयोडाइड ०.१, टेट्राब्युटिल अमोनियम आयोडाइड ०.४, आयोडीन ०.०५, टीबीपी ०.०५. व्हीओसी ०.४५, करंट १.०९, कमाल पॉवर ०.२२ मिलिवॉट. ब पेक्षा सरस म्हणावं तर फरक आमच्या सेलांच्या आपसातल्या फरकाएवढाच. जोडीदाराला अहवालात 'सर्वोत्तम' लिहायचं होतं, मी 'तुल्यबळ' लिहिलं. तासभर भांडलो, शेवटी तीनही सेलांचे आकडे तसेच छापायचे ठरले.

मॅडमनी तोंडीच्या तयारीला एक प्रश्न टाकला : आयोडीनला चिकटून का बसायचं? त्याची पातळी ०.३५ व्होल्टच्या आसपास (या मापात आकडा मोठा तेवढी पायरी खाली), म्हणजे डायच्या बरीच वर, तिथे बरंच व्होल्टेज वाया जातं. कोबाल्टच्या संयुगांची पातळी ०.५६ च्या आसपास, ती वापरून २०११ साली पॉर्फिरिन डायबरोबर १२.३ टक्के नोंदवले गेले. पण कोबाल्टचे आयन बोजड, सरकायला जड, आणि गळती अडवायला डायवरच लांब शेपट्या लावाव्या लागल्या. तिथेही एकट्या इलेक्ट्रोलाइटला बदलून भागलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

अहवाल बांधायला दिला. लिथियम आयोडाइडची जुनी बाटली टाकून द्यायची नाही, पुढच्या बॅचला पाण्यातल्या प्रयोगांना चालेल. तिच्यावर नवं लेबल लावलं : "२० फेब्रुवारी २०२५ रोजी टायट्रेशन केलं. १०० ग्रॅममध्ये ८२ ग्रॅम लिथियम आयोडाइड. वापरण्याआधी पुन्हा करा." सिल्व्हर नायट्रेट कुणाकडून मागायचं तेही खाली लिहिलं.

खिडकीत २१ तारखेचा एक सेल शिकंज्यात तसाच होता. कडा फिकट झाल्यात, मधला चौकोन अजून लाल. दुपारी पाऊणला ०.४१ व्होल्ट, ०.६३ मिलिअँपिअर.